दोन ते चार

भांडुपला आमच्या भिंतीपलीकडे राहणारे गृहस्थ प्रत्येक वाक्यानंतर 'समजलं ना?' विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहतात. पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर त्यांनी जेवणाच्या जुन्या डब्यात बसवला, डब्याला भोकं पाडून स्पीकर जोडले आणि घरातल्या सगळ्या कॅसेटी त्यात उतरवल्या. डब्याशी ते माणसासारखं बोलतात. "चल रे, लाव बघू."

दुपारच्या या गाण्यांबद्दल सोसायटीकडे निनावी तक्रार मीच केली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची झोपमोड होते, असं आईचं नाव न घेता लिहिलं. झोप माझी मोडत होती. आई तर भिंतीला खुर्ची लावून ऐकत बसायची.

आठवड्याभरात त्यांनी मला बोलावून डबा दाखवला. "दोन ते चार हा आपोआप गप्प बसतो. तुमच्या आई झोपतात ना तेव्हा, समजलं ना?"

त्यानंतर आई रोज विचारायची, "गाणी का रे बंद झाली?"

"डबा बिघडलाय," मी सांगायचो. शेवटपर्यंत तेच सांगितलं.

आई जाऊन सहा महिने झाले. अजूनही दोन वाजले की गाणं मध्येच थांबतं. परवा जिन्यात मी त्यांना म्हणालो, "काका, आता दुपारी चालू ठेवा ना."

"नको. तुम्हाला झोप लागते त्या वेळी, समजलं ना?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले. मी मान हलवली. मी नेमकं काय कबूल केलं, ते मला अजून कळलेलं नाही.