मारिसाच्या स्टेजखालची काळी भुई

आष्टीला लेकीकडे गेलो होतो. सकाळचा चहा हातात होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून कमलवहिनी, रुस्तुम मिस्त्रीची बायको. रडत नव्हत्या. "मास्तर, मिस्त्री गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "दुकानातच होते. खुर्चीवर बसल्या बसल्या..." मी चहा तसाच ठेवला आणि शहागडची गाडी धरली. त्याला आता दीड महिना होऊन गेला. रुस्तुम मिस्त्री नावाच्या माणसानं या जगात काय केलं हे शहागडात सगळ्यांना पाठ आहे, पण शहागडाबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. ते माहीत व्हावं म्हणून हे लिहितो आहे.

मी शहागडच्या शाळेत रुजू झालो ते एक्क्याऐंशी साली. आपला जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा निघाला तोही त्याच वर्षी. हमरस्त्याला लागून, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, रुस्तुमचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रकच्या बॉड्या, ट्रॉल्या, खिडक्यांचे गज असली कामं तो करायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो पाटीवरचं 'औरंगाबाद' खरवडून तिथं 'जालना' रंगवत होता. "पाटी बदलायची एवढी घाई काय?" मी विचारलं. "नवा जिल्हा हाय मास्तर," तो म्हणाला, "आपण न्हाई लिव्हलं तर कोण लिव्हणार?" शाळेचं फाटक निखळलं होतं, ते त्याच्याकडून बसवून घेतलं. जोडकाम झाल्यावर तो स्वतः फाटकाला लोंबकळला, दोन झोके घेतले आणि मगच "घ्या" म्हणाला. आमची दोस्ती त्या फाटकापासूनची.

त्याच्या दुकानाचं पहिलं शेड एका पावसाळ्यात रस्त्याकडे कललं होतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाणी प्याली की फुगते, आणि फार प्याली की चिबडते, म्हणजे लोण्यासारखी होते. त्यात वरवर रोवलेले खांब काय तग धरणार? जाणारेयेणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून हसायचे. रुस्तुमनं ते शेड एकट्यानं उतरवलं, प्रत्येक खांबाखाली मुरूम लागेपर्यंत खणलं, दगड भरले आणि पुन्हा उभं केलं. ते आजही सरळ आहे. त्या हसण्याचा त्याला राग आला नव्हता, लाज वाटली होती. "खांबाची चूक नव्हती," तो म्हणायचा, "मी भुईला इचारलंच न्हाई."

पुढं सात-आठ वर्षांनी एका ट्रक ड्रायव्हरच्या ओळखीनं तो आखातात गेला. तिथल्या एका कंपनीत लोखंडी सांगाडे उभारायचं काम होतं. त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, कारण वहिनींना वाचता येत नसे. मी त्यांच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो आणि अर्धी गल्ली ऐकायची. एक दिवस पत्र आलं, की मारिसा नावाची कुणी गाणारी बाई जगभर कार्यक्रम करत फिरते आहे. स्टेडियमच्या स्टेडियम भरतात. तिचं स्टेज उभारायला इथं माणसं कमी पडली म्हणून आम्हाला नेलं. 'चार खांबांवर छत चढवतात. आपल्या शाळेच्या मैदानाएवढं. दिवे, भोंगे, सगळं त्याला टांगलेलं. बाई त्याच्या खाली नाचती.' तीन दिवसांच्या त्या कामात रुस्तुमनं असं काही केलं असावं, की तिकडच्या मुकादमानं, गॉर्डन त्याचं नाव, त्याला पुढच्या देशाला येतोस का म्हणून विचारलं. वहिनींनी दोन दिवस ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लिव्हा त्यांना, जा म्हणावं. पर स्वेटर घ्या म्हणावं."

मग दोन वर्षं तो त्या बाईमागं जगभर हिंडला. देशादेशांतून पत्रं आली, पण त्यांत राजवाडे नाहीत की समुद्र नाहीत. माती आणि वारा, बस्स. अमक्या गावची माती वाळूची, तमक्या गावी वारा दुपारनंतर उठतो. गाण्याबद्दल एकदाच लिहिलं होतं: 'कार्यक्रम चालू असताना मी खांबाला हात लावून उभा राहतो. बाईचं गाणं मला तळहातानं ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, पण कुठला नट सैल हाय ते कळतं.'

आणि मग दक्षिण अमेरिकेतल्या त्या शहराची गोष्ट. ती मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की मीच तिथं होतो असं वाटतं. स्टेडियमवर नवं गवत अंथरलेलं, आणि दोन दिवस पाऊस पडून गेलेला. खांब उभे झाले होते, त्या सकाळी छत चढवायचं होतं. रुस्तुम मागच्या डाव्या खांबापाशी गेला. गवताच्या कडेला माती उघडी होती... काळी. त्यानं चिमूटभर उचलली, बोटांत चोळली आणि जिभेला लावली. मग पहार मागवली आणि जमिनीत दाबली. ठोकली नाही, नुसती दाबली. पहार हातभर आत गेली.

"छत चढवायचं न्हाई," त्यानं गॉर्डनला सांगितलं.

गॉर्डननं कागद दाखवले. इंजिनियरनं जमीन तपासली होती, ती दुसऱ्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम, तिकिटं संपलेली. गॉर्डन ओरडला, उद्याच्या विमानानं घरी पाठवतो म्हणाला. त्यावर रुस्तुम मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला ते असं: "पाठवा. पण कागदावर लिहा, रुस्तुम नाही म्हणाला." आणि खांबाच्या बैठकीवर जाऊन बसला. त्याच्या हाताखालची माणसं, कुठल्या कुठल्या देशांची, तीही एकेक करून येऊन शेजारी बसली. मी एकदा विचारलं होतं, भीती नाही वाटली? "लई वाटली मास्तर," तो म्हणाला. "कमलला काय सांगू, ह्योच इचार करत व्हतो. पर एकदा कललेलं शेड बघितलंय ना मी. तवा खाली कोणी न्हवतं."

दुपारी मारिसा तालमीला आली. काम ठप्प, सगळे बसलेले. तिनं विचारलं, हा कोण? गॉर्डन सांगायला लागला, पण ती थेट रुस्तुमसमोर जाऊन उभी राहिली. रुस्तुमनं दोन्ही तळहात जोडून छत केलं आणि हळूहळू एका अंगाला कलवलं. "मॅडम, माझ्या गावात हीच माती. पाणी पिते, मग खांब पिते."

"छत चढलं, तर तू त्याच्या खाली उभा राहशील?" तिनं विचारलं.

"नो मॅडम. म्हणून तुम्ही पण नो."

ती गॉर्डनकडे वळून म्हणाली, "खणा."

खणलं. कमरेएवढ्या खोलीवर माती अशी, की फावड्याला चिकटून बसेल, आणि खाली जुनी फुटकी गटाराची नळी, झुळझुळ वाहणारी. कार्यक्रम एक दिवस पुढं ढकलला. नळी बंद केली, खांब उतरवून चारींखाली कडक जमीन लागेपर्यंत खणून दगड भरले, वर लोखंडी पत्रे टाकले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? सामान उचलायची एक गाडी, त्या मागच्या डाव्या खांबापासून चार पावलांवर, न खणलेल्या जागी उभी केलेली, बघता बघता आसापर्यंत खचली. गॉर्डननं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, रुस्तुमपाशी आला आणि त्याचा हात धरून उभा राहिला. छत त्यानंतर चढलं.

तो कार्यक्रम मागाहून टीव्हीवर दाखवणार असल्याचं रुस्तुमनं पुलाजवळच्या एसटीडी बूथवर फोन करून कळवलं. त्यात शेवटी काय दिसणार हे मात्र त्यानं सांगितलं नाही. रविवारी दुपारी हमरस्त्यावरच्या हॉटेलात केबलवर तो लागला. कमलवहिनी जन्मात पहिल्यांदा हॉटेलात येऊन बसल्या, मागं सगळी गल्ली. ट्रकवाले थांबले, चहा उकळून उकळून काळा झाला. चमचमत्या कपड्यांतली ती बाई दीड तास उड्या मारत होती. "ही बसतच न्हाई का?" एक म्हातारी म्हणाली. आम्ही बाईकडे बघतच नव्हतो. वरच्या छताकडे, मागच्या डाव्या खांबाकडे बघत होतो. वारा सुटलेला दिसत होता, तिचे केस उडत होते. छत जागचं हललं नाही.

शेवटचं गाणं संपलं आणि मारिसानं हात करून कुणालातरी बोलावलं. पिवळं हेल्मेट, खाकी पँट... रुस्तुम! हॉटेलात असा गलका झाला, की बाई काय बोलली ते ऐकूच आलं नाही. तिनं माईक त्याच्या तोंडाशी धरला. नाव विचारलं असावं. रुस्तुमनं मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात, पाकिटावर लिहितात तसं, सांगितलं: "रुस्तुम मिस्त्री, मुक्काम पोस्ट शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना!" ते अख्खं स्टेडियम उसळलं. लोकांना काय कळलं देव जाणे, पण हजारो तोंडांतून आलं, "शा-गा! शा-गा!" इकडे एका ट्रकवाल्यानं बाहेर जाऊन हॉर्न दाबला, मग दुसऱ्यानं, मग सगळी रांग. वहिनींच्या डोळ्यांना धार लागली होती. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "बोलताना टोपी तरी काढायची व्हती!"

मारिसाचे कार्यक्रम संपले आणि तो परत आला. त्याला पुढचीही कामं होती, पण बस्स म्हणाला. त्याच दुकानात, त्याच कामाला बसला. बाईबरोबरचा फोटो भिंतीवर होता, पण गिऱ्हाईकानं विचारल्याशिवाय तो त्याबद्दल बोलायचा नाही.

शेवटच्या वर्षात त्यानं शाळेसाठी लोखंडी स्टेज बनवलं. तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. यंदा रद्द करावं असं मुख्याध्यापक म्हणत होते. वहिनींनीच निरोप पाठवला, "पोरींनी नाच बसवलाय. करा." त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. शेवटचा नाच सातवीच्या आणि आठवीच्या मुलींचा, मिळून साठेक पोरी. मुख्याध्यापक घाबरले, वीस-वीस करून चढवा म्हणाले. वहिनी उभ्या राहिल्या. "समद्या चढू द्या," म्हणाल्या, "एकदम."

साठ पोरी चढल्या. पायांत घुंगरं, अंगात वारं भरलेलं. अशा नाचल्या, की मैदानातली धूळ उठली. पब्लिकनं पुन्हा म्हटलं, त्या पुन्हा नाचल्या. वहिनींनी माझ्याकडे वळून विचारलं, "बगा मास्तर, हाललं का कुठं?"

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई."