एकशेएकावी बकेट

आमची आत्या एक्स-रे केंद्रात फोटो सांभाळते. फोटो राहतात क्लाऊडवर, ज्या कप्प्यांत राहतात त्यांना म्हणतात बकेट, आणि त्या सगळ्या बकेटी आत्याच्या ताब्यात. "नाव लहान अक्षरांत, मधे जागा सोडायची नाही, अख्ख्या जगात तेच नाव दुसऱ्या कुणाचं नको, आणि एकूण शंभरच!" हे ती बोट नाचवत पाढ्यासारखं म्हणते. मी तिची नक्कल केली की बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरतात.

घरीही तेच. रिकामा डबा तिला फळीवर बघवत नाही. घासला, पुसला, कुणाला तरी देऊन मोकळी.

गेल्या महिन्यात केंद्राच्या मालक डॉक्टरांनी नवी शाखा काढली. त्यांना आणखी एक बकेट हवी होती, आणि शंभर तर झालेल्या.

"मर्यादा वाढवायला क्लाऊडवाल्यांकडे अर्ज करावा लागतो. चार दिवस जातील," आत्या म्हणाली.

"चार दिवस? हं?" डॉक्टर नाकातून बोलतात. "आजच हवी, हं."

आत्याने यादी चाळली. बंद पडलेल्या शाखेची बकेट रिकामी होती. तिने ती काढून टाकली आणि नव्या नावाने दुसरी केली. "झाली फळी मोकळी!"

सोमवारी नवी शाखा सुरू झाली. शाखा नवी, मशीन मात्र जुनं. बंद शाखेत चादरीखाली पडलेलं तंत्रज्ञकाकांनी उचलून आणलं होतं. दिवसभर त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पाठवले' उमटत राहिलं.

संध्याकाळी शाळेतून मी आत्याकडे गेले, तेव्हा ती नव्या बकेटीकडे बघत बसली होती. आत काहीच नव्हतं.

तिने काकांना फोन लावला. "किती फोटो काढले?"

"एक्केचाळीस, ताई. सगळे गेले. हिरवं आलंय की!"

"अहो, पण गेले कुठे?"

मशीनमध्ये पत्ता जुन्याच बकेटीचा होता. तो बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण ती तर मी काढून टाकली," आत्या स्वतःशीच पुटपुटली. "मग 'पाठवले' कसं येतंय?"

तिने तेच जुनं नाव टाकून बकेट करून पाहिली. पडद्यावर ओळ आली: हे नाव दुसऱ्या कुणाकडे आहे.

सोडलेलं नाव कुणीही उचलू शकतं, ही ओळ तिच्या पाढ्यात नव्हती. आणि उचलणाऱ्याने नुसतं नाव घेतलं नव्हतं. आलेलं सगळं आत घ्यायला तो दार उघडं टाकून बसला होता.

"काका, आधी मशीनची वायर उपटा. आत्ताच्या आत्ता!"

मग तिने डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही, हं. मी बघतो."

"तुम्ही बघाच. पण प्रत्येक फोटोसोबत नाव आहे, जन्मतारीख आहे, फोन नंबर आहे. चूक माझी, मीच सांगणार."

तिने शाखेतल्या वहीतून यादी मागवली आणि पहिला नंबर फिरवला. फोन स्पीकरवर होता. एका आजींनी उचलला.

"नमस्कार, मी एक्स-रे केंद्रातून बोलतेय..."

"परत?" आजी म्हणाल्या. "आत्ताच तर तुमच्या एक बाई बोलल्या. फार गोड बोलणं हो. माझी जन्मतारीखसुद्धा त्यांनीच सांगितली. उद्या सकाळी घरी येणार आहेत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. यादीत अजून चाळीस नावं होती.

"आजी," ती म्हणाली, "उद्या दार उघडू नका."