बुकित गोम्बाकचं तळं

काल आमच्या बेडोकच्या इमारतीखाली फरशी कापत होते. ओल्या दगडाचा वास लिफ्टपर्यंत आला आणि मला बाबा आठवले.

दोन हजार पाच साली आई वारली, म्हणून मी त्यांना इथे परदेशात, आमच्याकडे आणलं होतं. त्यांचा सगळा जन्म भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत गेलेला. मी आणि माझा नवरा सुधीर ऑफिसला गेलो, की ते दिवसभर फ्लॅटमध्ये एकटेच असायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

एका रविवारी मी त्यांना बुकित गोम्बाकला नेलं. तिथे दगडाची जुनी खाण आहे, तिचं आता तळं झालंय. लोक फोटो काढत होते. बाबा मात्र समोरच्या कड्याकडे बघत राहिले.

"ही बघ, सुरुंगाची भोकं," ते म्हणाले, आणि मग थांबेचनात. पाळीचा भोंगा, लाल धूळ, पावसाळ्यात खाणीत भरणारं पाणी. कितीतरी दिवसांनी ते हसले. "घरी गेल्यावर तुझ्या आईला सांगतो, इथंही आपल्यासारखीच..."

वाक्य तिथेच राहिलं. मी त्यांचा हात धरला. पाण्यात मासे फिरत होते, तेच आम्ही बघत बसलो.

परतताना एमआरटीच्या गाडीत ते म्हणाले, "मला गावी सोड, बेटा."

"तिथे एकटे पडाल, बाबा."

"एकटा तर इथंही आहे. तिथं निदान तुझ्या आईचं नाव काढणारी चार माणसं भेटतील."

मी त्यांना सोडून आले, पण ते बोलणं मनाला फार लागलं होतं. आता सुधीरला जाऊन वर्ष झालंय, आणि या अख्ख्या इमारतीत त्याचं नाव काढणारं कुणी नाही.