आज आलेल्या कळा खऱ्या नव्हत्या

मैत्रिणींनो, मला नववा महिना आहे. आज दुपारी पोट दगडासारखं कडक झालं, सुटलं, पुन्हा कडक झालं. मी घाबरून रडायलाच लागले.

नवरा बाळाची बॅग घेऊन ऑटोत बसला आणि ऑटो निघालासुद्धा. सासूबाई मागून ओरडल्या, "अरे, जिले न्यायचं हाय, ते इथंच उभी हाय."

आमगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं, पाणी प्यायला लावून कुशीवर झोपवलं. थोड्या वेळानं पोट सैल पडलं.

"हा सराव आहे. खऱ्या कळा आरामानं थांबत नाहीत, वाढतच जातात. पाणी किंवा रक्त गेलं तर मात्र लगेच या," त्या म्हणाल्या.

परतताना सासूबाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "लेकरू आतापासूनच पळवून राहिलं आमाले." नवरा लाजून हसला.

तुमच्या घरी सगळ्यात जास्त कोण घाबरलं होतं?