कार्डावरचं सहावं भोक

टेलरबाई बंदुकीच्या नादी लागल्या त्या एका उसवलेल्या खांद्यामुळे.

जिन्याखालच्या बोळकांडीत त्यांचं दुकान. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले, गिऱ्हाइकं विसरून गेलेले कपडे. एका दुपारी नेमबाजीच्या क्लबातले मास्तर काखेत एक जाडजूड जाकीट मारून आले. वरून कॅनव्हास, खांद्याला आणि कोपराला चामडं, आणि इतकं ताठ की टेबलावर ठेवलं तर आपलं आपण बसून राहिलं.

"हे काय मास्तर, पोतं शिवायला आणलंत का?"

"नेमबाजाचं जाकीट आहे बाई. बंदुकीचा दस्ता टेकतो तिथंच खांदा उसवलाय. सगळ्या दुकानांनी नाही म्हटलं."

"म्हणजे उरले म्हणून मी. असू दे. ठेवा."

दोन सुया मोडल्या, पण खांदा शिवून झाला. मग बाईंनी हट्ट धरला की असं घडी घालून देणार नाही, नेम धरलेल्या अंगावर बघितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. उभ्या माणसाचं माप वेगळं, वाकलेल्याचं वेगळं. म्हणून त्या क्लबात गेल्या. क्लब म्हणजे एक जुनं लांबट गोदाम. एका टोकाला कठडा, दुसऱ्या टोकाला ओळीनं टांगलेली कागदी कार्डं, प्रत्येकावर मधोमध एक काळा गोल. कठड्याजवळचं चाक फिरवलं की दोरीवरून कार्ड सरसर आपल्याजवळ येतं. ज्याचं जाकीट तो काही आलेला नव्हता. मास्तर म्हणाले, "तुमच्याच अंगाला येईल. घाला."

घातलं. मास्तरांनी त्यांचा डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवायला लावला, पाठ जराशी मागे झुकवली, हातात हवेची रायफल दिली. "बोट चापाबाहेर. मी सांगेपर्यंत आत न्यायचं नाही. नळी कायम समोर, माणसाकडे कधीच नाही, रिकामी असली तरी नाही. आता मागच्या बारीक भोकातून पुढची रिंग बघा. रिंगेत काळा गोल बसला? श्वास अर्धा सोडा. आता हळूच."

फट् झालं. मास्तरांनी चाक फिरवून कार्ड आणलं आणि बघतच राहिले.

"चुकलं ना?" बाई म्हणाल्या.

"काळ्यात आहे. पहिलीच वेळ ना ही? हात हलत नाही हो तुमचा."

"मशिनवर हात हलला तर बोट शिवलं जातं मास्तर."

तेव्हापासून दुकान बंद केलं की बाईंची पावलं तिकडे वळू लागली. घरी जे सांगितलं ते थोडक्यात: "जरा मान मोकळी करून येते." पण खरं कारण वेगळं होतं. बाई देवभोळ्या. रोज न चुकता हात जोडून बसायच्या आणि रोज त्यांचं मन तेवढ्यात बाजारात जाऊन, भाजीचा भाव विचारून, कुणाचा ब्लाउज राहिला ते आठवून परत यायचं. इथं मात्र काळा गोल रिंगेत बसला की मन जागचं हलायचं नाही. डोळे मिटून जे जमलं नाही ते डोळे उघडे ठेवून जमत होतं. देवाला राग येईल का, असं त्यांना आधी वाटलं. मग वाटलं, यायचा असता तर त्यानं हात इतका स्थिर दिलाच नसता.

चिमीला त्यांनीच आणलं, आणि हे नीट ध्यानात ठेवायला हवं. चिमी म्हणजे त्यांची धाकटी नणंद. लग्न मोडून भावाकडे परत आलेली. दिवसभर खिडकीशी बसायची, चहा पुढ्यात गार व्हायचा. भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, छापखान्यात कामाला. आल्यावर बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि पेपरात तोंड घालायचा. एवढ्यानं का माणूस उठतं? एक दिवस बाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला.

"चल माझ्याबरोबर."

"कुठं?"

"बंदूक मारायला."

चिमी कितीतरी दिवसांनी हसली. "वहिनी, आधी कुणाला मारायचं ते ठरव."

ती आली आणि रमली. कमरेचं हाड कुठं, श्वास कुठं अडवायचा, चाप ओढायचा नाही तर दाबायचा, हे सगळं मास्तरांनी एकदा सांगितलं आणि बाईंनी शंभरदा. घरी पांढऱ्या कापडावर काळं बटण शिवून त्यांनी ते भिंतीला लावलं. भात शिजेपर्यंत दोघी आळीपाळीनं लाटणं खांद्याला लावून त्या बटणावर नेम धरायच्या. नवरा म्हणायचा, "जेवण वाढा आता, की त्या बटणालाच वाढणार?" चिमी जेवू लागली, बोलू लागली, आरशात बघू लागली. बाईंना वाटे, आपल्या हातून एवढं एक तरी नीट बेतलं गेलं.

मग क्लबात नवी रायफल आली. आतापर्यंतच्या सगळ्या जुन्या, कुणाचा चाप जड, कुणाची नेम जुळवायची मागची फिरकी सैल. ही मात्र हातात घेतली की अंगचीच वाटावी अशी. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "नव्या लोकांची एक स्पर्धा घेतो. पहिला येईल त्याला ही वर्षभर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि मोठ्या स्पर्धेला क्लबाकडून तोच जाईल."

बाईंनी ती रायफल एकदाच खांद्याला लावून पाहिली आणि परत केली. त्या रात्री त्यांनी देवाकडे स्वतःसाठी काहीतरी मागितलं. नवऱ्यासाठी, चिमीसाठी, दुकानासाठी नेहमीच मागायच्या. स्वतःसाठी मागताना त्यांची जीभ अडखळली, पण मागितलं.

स्पर्धेला बाहेरून एक परीक्षक आले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. नव्या लोकांना एकेका कार्डावर पाच छर्रे मारायचे होते. बाई आणि चिमी शेजारी-शेजारी, चिमी डावीकडे. शेवटच्या कार्डापर्यंत दोघीच पुढे होत्या, बाकीचे कधीच मागे पडले होते. बाई थोड्या पुढे होत्या.

शेवटच्या कार्डाला बाईंनी घाई केली नाही. पाच छर्रे डबीच्या झाकणात काढून ठेवले होते, ते एक-एक करून संपले. शेवटचा सुटला तेव्हाच त्यांना कळलं की तो मधोमध गेलाय; असं कळतं. त्यांनी रायफल कठड्यावर ठेवली, हात मागे घेतले आणि समोर बघत उभ्या राहिल्या.

आणि त्यांचं कार्ड हललं.

कागदाला टिचकी मारावी तसं. बाईंना आधी वाटलं, वारा. गोदामात वारा कुठला? त्याच क्षणी डावीकडून अगदी हळू आलं, "आई गं." त्यांनी मान वळवली. चिमी रायफल खाली घेऊन त्यांच्याकडेच बघत होती. घाईत, घामेजल्या डोळ्यानं, ती शेजारच्या कार्डावर नेम धरून बसली होती. नव्या माणसाचं असं होतं. सगळी कार्डं सारखीच दिसतात. दोघींची नजरानजर झाली. बाईंनी डोळ्यांनीच तिला धीर दिला: असू दे गं, होतं असं.

परीक्षकांनी कार्डं समोर ठेवली. बाईंच्या कार्डावर सहा भोकं, चिमीच्या कार्डावर चार. त्यांनी चष्मा वर ढकलला.

"कुणाचा छर्रा शेजारी गेला का? गेला असेल तर सांगा. यात लाज काही नाही, मोठमोठ्यांचं होतं. मात्र ज्याचा गेला त्याला त्याचे गुण मिळणार नाहीत."

त्यांनी आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं.

"आणि कुणी कबूल केलं नाही, सिद्धही झालं नाही," ते पुढे म्हणाले, "तर ज्या कार्डावर जास्तीचं भोक, त्यातलं सगळ्यात चांगलं भोक रद्द होतं. नियम आहे." मग ते चिमीकडे वळले. "तुमची चारच दिसतात."

चिमीनं आपल्या कार्डावरच्या मधल्या भोकावर बोट ठेवलं. त्याची कड जराशी फाटलेली होती. "इथं दोन गेलेत. एकात एक."

"एकात एक," परीक्षक म्हणाले. त्यांनी भोकात मोजायची दांडी घातली, उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा घातली. "असू शकतं. नसूही शकतं." मग त्यांनी बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही शेजारी होता. तुम्ही काय म्हणता?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. तोंड उघडायचा अवकाश, रायफल त्यांची होती. पण समोर चिमी होती. काल-परवापर्यंत चहा गार करत बसणारी, आता कुठं मान वर करून चालणारी चिमी. चारचौघांत तिला खोटी पाडायची? आणि गरजच काय? चिमी स्वतःच सांगेल. सांगणारच. ज्या पोरीला आपण उभं राहायला शिकवलं ती इथं आडवी कशी होईल?

"तिलाच विचारा," बाई म्हणाल्या. "चिमी सांगेल ते खरं."

परीक्षकांनी विचारलं. बाई चिमीकडे बघत होत्या, अगदी विश्वासानं, पोर पाठ केलेली कविता म्हणायला उभं राहिलं की आई बघते तसं.

चिमी कार्डाकडे बघत म्हणाली, "माझे पाचही माझ्याच कार्डावर आहेत."

एवढंच. आवाजसुद्धा कापला नाही.

संशयाचा फायदा म्हणून तिचे दोन छर्रे एका भोकातले धरले गेले. बाईंचं ते मधोमधचं भोक रद्द झालं, आणि कडेला जाऊन पडलेलं परकं भोक त्यांच्या नावावर लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी नवी रायफल चिमीच्या हातात दिली तेव्हा बाईही टाळ्या वाजवत होत्या. हात आपोआप वाजतात.

घरी नवऱ्यानं निकाल ऐकला आणि आनंदानं म्हणाला, "व्वा! म्हणजे बंदूक घरातच आली की! वहिनी काय आणि नणंद काय."

"तिचा छर्रा माझ्या कार्डावर आला होता," बाई म्हणाल्या. त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की त्याला कळायला वेळ लागला. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

चिमी भांडी आवरत होती. तिनं मागे न वळता म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं होतंस. मी काय तुझा हात धरला होता? त्यांनी तुला विचारलं, तूच म्हणालीस चिमी सांगेल ते खरं."

"मला वाटलं तू खरं सांगशील."

"तुझं काय जातं वहिनी? तुला दुकान आहे, नवरा आहे. माझं या घरात माझं म्हणावं असं काय होतं? एक बंदूक मिळाली तर तीही डोळ्यांत खुपायला लागली?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून. त्यानं पेपर उचलला. "जाऊ दे ना आता. झालं ते झालं. खेळच तर आहे."

केसानं गळा कापला असं लोक म्हणतात. बाईंना वाटलं, केसाला धार असते हे खरंच कुणाला माहीत असतं? ज्या मानेवरून तो रोज हळुवार फिरतो तिला तर मुळीच नाही. राग चिमीपेक्षा त्यांना स्वतःच्या त्या बघण्याचा येत होता, सगळ्यांसमोर विश्वासानं बघत उभ्या राहिल्याचा. त्या हात जोडून बसल्या, पण देवाला काय सांगायचं ते सुचेना. खोटं पचत नाही असं त्या आयुष्यभर मानत आल्या होत्या. भिंतीपलीकडे चिमी गाढ झोपली होती.

पुढचा आठवडाभर त्या क्लबात गेल्या नाहीत. मग गेल्या. हात शिवशिवत होते, आणि न जाणं म्हणजे उरलंसुरलंही चिमीला देऊन टाकणं होतं. जुन्यातली एक रायफल त्यांनी मास्तरांकडे मागितली. चिमी आधीच येऊन नवीची फिरकी जुळवत होती. मास्तरांना आनंद झाला.

"या, या. चिमीला मोठ्या स्पर्धेची तयारी करायचीय. तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहा, तिला सवय आहे तुमची."

"नको मास्तर. मला तिच्या शेजारची जागा नको."

"का हो?"

गोदामात दहा-बारा माणसं होती. चिमीचा हात फिरकीवर थांबला. बाईंनी आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही.

"तिचा छर्रा माझ्या कार्डावर येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. परत आला तर तिला विचारू म्हणाल, तर तिला विचारून उपयोग नाही, हेही मी पाहिलंय."

मास्तरांनी एकदा चिमीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मान खाली घातली. "बाई, आता निकाल बदलता येत नाही हो. तेव्हा बोलला असतात तर…"

"बदला म्हणते का मी? जागा तेवढी बदला."

चिमीचा चेहरा लाल झाला. "घरातलं बाहेर काढलंस ना शेवटी? दादाला सांगते मी."

"सांग. तो पेपर वाचत असेल."

कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं. चिमीनं नवी रायफल उचलली, खांद्याला लावली आणि पाठ करून उभी राहिली. बाई चालत भिंतीजवळच्या शेवटच्या जागेवर गेल्या. कार्ड लावलं, चाक फिरवून ते टोकाला पाठवलं, झाकणात पाच छर्रे मोजून ठेवले. कोपर हाडावर टेकवला. मागच्या भोकातून पाहिलं तर पुढची रिंग एक नव्हती, दोन दिसत होत्या, आणि दोन्ही थरथरत होत्या.

त्यांनी बोट चापाबाहेर काढलं, रायफल कठड्यावर ठेवली, बाहीनं डोळे पुसले आणि नजर निवळायची वाट बघत उभ्या राहिल्या.