आकडसासू चालून दाखवतात

लाज नावाची वस्तू रेशनवर वाटली असती, तरी माझी आकडसासू आपलं कार्ड परत करून आली असती. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्या वऱ्हाडात आकडसासू म्हणतात. म्हणजे जावयाला एक सासू असतेच, वर ही. यांनी बत्तीस वर्षं अकोल्याच्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर आमच्या मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या, कारण माझ्या बायकोला विमानाची भीती वाटते. सहा महिन्यांनी परतल्या तेव्हा लोक आणतात तशी चॉकलेटं त्यांनी आणली नाहीत. नाच आणला.

झालं असं, की मुलीच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहत होत्या, कृष्णवर्णीय. दर शनिवारी त्या आपल्या मैत्रिणींबरोबर एका हॉलमध्ये नाचत. तो नाच करमणुकीचा नव्हता. आपल्या अंगाला, केसांना, रंगाला कोण काय बोललं, दुकानात कोण पाळतीवर राहिलं, आजीच्या पिढीनं काय सोसलं, हे सगळं त्या बायका खांद्यांनी आणि पायांनी सांगत, मोर्चातही तेच नाचत, मग एकमेकींना धरून रडत आणि भरपेट जेवत. आकडसासू पहिल्या शनिवारी कोपऱ्यात बसल्या होत्या. तिसऱ्या शनिवारी मधोमध होत्या. ‘‘जवाई,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘त्या बाया सोताले काळ्या म्हनतेत, अन् मान वर करून म्हनतेत. मी साठ वर्षं त्या शब्दाले पावडर लावत बसली.’’

यावर मी हसलो. मी त्यांच्या बहुतेक गोष्टींवर हसतो. अमरावतीत माझी ख्याती त्यावरच आहे. पण त्यांनी तरी संधी किती द्यावी? परत आल्यापासून त्या घरात चप्पल घालत नाहीत, कारण तळव्यांना जमिनीशी बोलायचं असतं. एसटीच्या रांगेत उभ्या असताना त्या खांद्यांतून राग झटकतात, त्यामुळे मागची चार माणसं आपोआप दुसऱ्या रांगेत जातात. एकदा भातकुलीला नात्यात कुणी गेलं म्हणून आम्ही बसायला गेलो. बायका डोक्यावर पदर घेऊन मुकाट बसल्या होत्या. यांनी गेलेल्याच्या बायकोला हाताला धरून उठवलं आणि म्हणाल्या, ‘‘बसून नोको राहू बाई, पाय आपट.’’ पाच मिनिटांत तिच्या चार जावाही पाय आपटू लागल्या. पुरुष मंडळी छत पडलं की काय म्हणून आत धावली. मी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेलो. ती बाई त्या दुपारी नवव्या दिवशी पहिल्यांदा झोपली, हे मी कुणाला सांगत नाही, किस्सा बिघडतो.

मग त्यांनी अकोल्यात वर्ग काढला आणि दारावर पाटी लावली, ‘नाचा आणि बऱ्या व्हा’. पहिल्याच दिवशी चौदा बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात गुडघ्याचा एक्स-रे. एकीचा नवरा विचारून गेला की हे जेवणाआधी करायचं की नंतर. यांनी सगळे एक्स-रे खिडकीशी धरून नीट पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘हाड चांगलं हाये. आता सांग, घरी काय बोलतेत तुले?’’ चौदातली एकही परत गेली नाही.

आता माझी अडचण सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी मूर्तिजापूरला मी मुलगी पाहायला गेलो होतो तो यांनाच. रिवाजाप्रमाणे माझे मामा म्हणाले, ‘‘पोरी, चालून दाखव.’’ मुलगी लंगडत नाही ना, याची ती तपासणी. त्या चालल्या. मामा म्हणाले, ‘‘जरा उजेडात ये.’’ त्या उजेडात आल्या. तेव्हा मी, बी.एस्सी. झालेला, हुंड्याविरुद्ध भाषण करून बक्षीस मिळवलेला मी, मामांच्या कानाशी म्हणालो, ‘‘धाकटी आहे ना?’’ त्या चार हातांवर उभ्या होत्या. पुढे घराची शोभा राहावी म्हणून थोरलीनेच मला नाकारलं असं सांगण्यात आलं. माझ्या बायकोचीही तीच समजूत, आणि बहिणीच्या संसाराला नख लागू नये म्हणून आकडसासूंनी ती कधी मोडली नाही. पण आता ही बाई अंगानं खरं बोलायला शिकून आली होती, आणि मागच्या हिवाळ्यात तिने एक प्रयोग लावला. त्याचं नाव, ‘चालून दाखव’.

मला पहिल्या रांगेतली जागा होती. अंगात कणकण आहे, असं मी सकाळीच जाहीर केलं. बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला. ‘‘काई नाई झालं तुमाले. चाला,’’ ती म्हणाली.

स्टेजवर एक खुर्ची होती आणि कडेला त्या चौदा बायका. आकडसासू पदर घेऊन आल्या आणि चालल्या. बायका पाहुण्यांच्या आवाजात बोलत होत्या, ‘‘केस खरे हायेत ना?’’ ‘‘जरा उजेडात ये.’’ एकेक पाहुणा झाला की त्यांचे खांदे थोडे उतरत, पाऊल थोडं आखूड होई. सुरुवातीला मागे लोक हसले, मग हसेनासे झाले. मी मोजत होतो, कारण त्यांना पाहायला आलेल्यांत माझा नंबर बारावा होता. बाराव्या खेपेला त्या थेट माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारी बायको होती.

‘‘बाराव्याले मीच नाई म्हनलं,’’ त्या म्हणाल्या.

आणि फळ्यांवर असा पाय आपटला की धूळ उडाली. पदर सुटला, हात उघडले, आणि सहासष्ट वर्षांची ती काळीसावळी बाई नाचू लागली. ‘‘मी काळी,’’ असं त्या एकदा म्हणाल्या, आणि मागून चौदा जणी तेच म्हणाल्या. त्या सुंदर दिसत होत्या. चाळीस वर्षं मी त्यांना हसत आलो, पण पाहिलं त्या दिवशी. मला माझी फार लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. ‘‘तो बारावा मी होतो,’’ मी बायकोला म्हणालो. ‘‘आणि ताईंनी नाही म्हटलं नव्हतं. मीच...’’

‘‘मालूम हाये मले,’’ ती म्हणाली. ‘‘मी दाराच्या मांगंच उभी होती, चहा घेऊन.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलली काऊन नाहीस?’’

‘‘तायीले वाटते का मले मालूम नाई. माह्यासाठी तिनं येवढं झाकून ठेवलं, ते मी काऊन उघडू?’’ मग म्हणाली, ‘‘अन् मले तरी कोनं इचारलं होतं, हो का नाई मनून?’’

येत्या गुरुवारपासून ती अकोल्याच्या वर्गाला जाणार आहे. काय नाचणार, असं मी विचारलं. ‘‘थे तुमी पाहाच येऊन,’’ म्हणाली. पहिल्या रांगेतली जागा मी सांगून ठेवली आहे. दोघी बहिणींनी मला आजवर सांभाळून घेतलं. या खेपेला घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.