काचमामा आणि वाट चुकलेला उजेड

आमचे काचमामा पांढऱ्या रंगावर विश्वास ठेवत नसत. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणी दारात कोलमची रांगोळी घालू लागलं की थांबून म्हणत, "ही पूड पांढरी नव्हे गे. कणाकणांत शिरून वाट चुकलेला उजेड हा." ती बिचारी ठिपके चुकायची.

मामा कॉलेजात फिजिक्स शिकवत. पारदर्शक काच कुटली की पांढरी दिसते, कारण प्रकाश कणांवर आपटत भरकटतो, इथवर सगळ्यांनाच ठाऊक. मामांचा ध्यास पुढचा: पूड पुरेशी बारीक, पुरेशी विस्कळीत असेल, तर उजेड फिरून फिरून आतच अडकून बसेल का? अडचण एकच. कणभर मळ असला तरी तो उजेड गिळतो, मग अडकलेला कुठला नि गिळलेला कुठला, कळायचं कसं?

म्हणून पुडीचं सोवळं. त्यापुढे आजीचं सोवळं परवडलं. काच खलात घोटायची, आम्लात धुवायची, पावसाच्या पाण्यात खळबळायची, रेशमी फडक्यातून गाळायची. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट, मी बी.एस्सी.ला, दोन वेण्या, जाड चष्मा, आणि आपण नसलो तर विज्ञान बंद पडेल असा ठाम समज. काम मात्र एवढंच, दारात बसून "शिवू नका!" ओरडायचं.

अखेर मद्रासच्या एका प्रयोगशाळेनं मोजायचं यंत्र एक दिवसापुरतं द्यायचं कबूल केलं. निघायचं सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी मामांनी कोठीची दारं लावून पुडीची शेवटची परीक्षा घेतली. दिव्यापुढे निळी काच, डोळ्यापुढे पिवळी. पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणून पूड स्वच्छ असेल तर काळीच दिसायला हवी. मी डोकावले, तर हिरवट चमकत होती!

"मामा, सापडला! अडकलेला उजेड!" मी धावत ओट्यावर जाऊन गल्लीला बातमी देऊनसुद्धा आले.

आत मामा तसेच बसलेले. "निळा आत गेला तर निळाच बाहेर यायला हवा गे. हा हिरवा कुणाचा?"

स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "काल वीणेला, पुस्तकांना, सगळ्यांना अक्षता वाहिल्या. तुमच्या बरणीनं काय पाप केलंय? झाकणावर वाहिलेल्या पोचतात होय? उघडून वाहिल्या. नंतर एकेक दाणा वेचून काढला की!"

अक्षतांची हळद पुडीला लागली होती. हळद निळा उजेड पिते नि हिरवा बाहेर टाकते.

"कुंकू तरी नाही ना वाहिलं?" मामांनी विचारलं.

"अय्यो, ते नक्को म्हटलं. तुमचं पांढरं बिघडेल."

पूड पुन्हा धुण्यात महिने गेले. तोवर मद्रासचं यंत्र दुसऱ्या कामाला लागलं, आणि ते काम काही संपेना. मी मामींवर चिडले, मद्रासवर चिडले, सर्वांत जास्त मामांवर, कारण ते चिडतच नसत. "भांडा की कुणाशी तरी!"

"कुणाशी गे? हळदीशी?"

मामा गेले तेव्हा मी लग्न होऊन पापनाशमला होते. भेटायला गेले, तर मामींनी बरणी माझ्यापुढे सरकवली.

"उजेड आत अडकत होता की नव्हता? तू शिकलीस ना, सांग."

"मोजलंच नाही, मामी."

"मग मोज की."

"यंत्र कुठाय?" मी ओरडलेच. कडेवरचं मूल दचकून रडू लागलं.

मामींनी त्याला माझ्याकडून घेतलं, थोपटलं. "ते पण असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या, "पण ओरडायचे नाहीत."